डी.एड. झालं, पुढं काय?

सुपा परिसरात डी.एड., बी.एड. झालेल्या लेकी-सुना घरी आहेत. २०१३ला टीईटी सुरू झाली, २०१७ला पवित्र पोर्टल आलं. परीक्षा द्याच, पण भरतीची वाट बघत बसू नका. समजावून सांगणं, नोंदी ठेवणं, चारचौघींसमोर बोलणं ही विद्या तुमच्याकडं आहे. 'उमेद'मधल्या सीआरपी ताई, बँक सखी हेच काम करतात. एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या आयांच्या मुलांचा संध्याकाळचा अभ्यास घेता येईल.

आणि गटातल्या बायांनो, 'आपलीच सून आहे' म्हणून तिच्याकडून हिशेब फुकट लिहून घेऊ नका. येत्या बैठकीत आपण सगळ्या मिळून तिचं मानधन ठरवू आणि ठराव वहीत लिहू.