डोळ्यातून पाणी येत होतं, तरी डोळा कोरडा होता

मधले पाच आठवडे एकही भाग आला नाही, त्याचं कारण माझी डावी पापणी. ती जन्मापासून खाली झुकलेली. शाळेच्या प्रत्येक ग्रुप फोटोत मी झोपेत असल्यासारखा दिसतो. याला टोसिस म्हणतात. पापणी वर उचलणारा स्नायू कमजोर असतो. शेवटी ऑपरेशन करून तो आखूड करून घेतला.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मला बोलायचंय ते नंतरच्या थेंबांबद्दल, कारण तिथे मी माती खाल्ली.

घरी येताना तीन गोष्टी दिल्या होत्या. टाक्यांवर लावायला अँटिबायोटिक मलम, दर दोन तासांनी घालायचे कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोजचे थेंब, आणि झोपताना डोळ्यात घालायचं जेल. मलम मी अगदी वेळेवर लावलं, कारण ते 'खरं औषध'. थेंब म्हणजे काय, तर कृत्रिम अश्रू. आणि माझ्या डोळ्यातून तर दिवसभर पाणी वाहत होतं! पाणी येतंय तिथे आणखी पाणी कशाला, असा माझा बीटेक हिशोब. सहाव्या दिवशी लॅपटॉप उघडला, रिलीज होतं, आणि थेंब दिवसातून दोनदावर आले. जेलने सगळं धूसर दिसायचं म्हणून तेही बंद.

आठव्या रात्री तीन वाजता जाग आली ती डोळ्यात वाळू गेल्यासारखी. डोळा उघडवेना, दिवा सहन होईना. सकाळी डॉक्टर मॅडमनी डोळ्यात नारिंगी रंग घातला आणि निळ्या प्रकाशात पाहिलं. कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, खालच्या भागात बारीक हिरवे ठिपके चमकत होते. तिथला वरचा थर सोलवटला होता. नजर शाबूत होती. पण अशा ठिकाणी जंतू शिरले आणि जखम खोल गेली, तर पांढरा डाग कायमचा राहू शकतो. हे ऐकल्यावर माझा हिशोब जागच्या जागी संपला.

मॅडमनी सांगितलं ते असं. पापणी वर घेतली की सुरुवातीचे काही आठवडे ती पूर्ण मिटत नाही, झोपेत तर नाहीच. एरवी प्रत्येक उघडझाप अश्रूंचा पातळ थर डोळ्यावर पसरवते, गाडीच्या वायपरसारखी. माझा वायपर अर्ध्यावर थांबत होता. त्यात स्क्रीनसमोर आपण मुळातच कमी वेळा पापणी मिटतो. आणि ते वाहणारं पाणी? डोळा कोरडा पडून टोचायला लागला की ग्रंथी भराभर पाणी सोडते. ते गालावर ओघळतं, डोळ्यावर टिकत नाही. थेंब किंचित दाटसर असतात, म्हणून टिकतात. थोडक्यात, अलार्म वाजत होता आणि मी म्हणत होतो, सिस्टिम मस्त चाललीय.

त्या रात्री आईने मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं. "अरे, तुझा डोळा उघडाच आहे!" दोनेक मिलिमीटरची फट.

मग नीट शिकलो. हात धुवायचे. खालची पापणी हळूच ओढून तिथल्या खोबणीत एकच थेंब टाकायचा. दुसरा मावतच नाही, बाहेर येतो. वरच्या पापणीला, टाक्यांना हात लावायचा नाही. बाटलीचं तोंड डोळ्याला टेकवायचं नाही. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं, आणि जेल सगळ्यात शेवटी. इतक्या वेळा थेंब घालायचे तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्यायचे, कारण ते रसायनच सारखं लागून डोळ्याला त्रास देतं. एका डोसच्या छोट्या नळ्या मिळतात. महाग पडतात, हे खरं. शेजारच्या काकूंनी प्रेमाने गुलाबपाणी आणून दिलं होतं. ते फ्रीजमध्येच आहे.

दुखणं वाढलं, उजेड सहन होईना किंवा नजर धूसर झाली, तर थेंब वाढवून घरी बसू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि घरात उरलेले जुने, लालीवरचे थेंब तर अजिबात नकोत. त्यात स्टेरॉइड असू शकतं.

पुढच्या तपासणीत हिरवे ठिपके गेले होते. लॅपटॉपवर दर दोन तासांनी रिमाइंडर वाजतो, स्टँडअपमध्येसुद्धा. जेल अजून चालू आहे. फट जवळजवळ मिटलीय, असं आई म्हणते. ती अजूनही रात्री टॉर्च मारून बघून जाते. आता मला जाग येते ती त्यामुळेच.