ड्यूटीवरची बॅटरी आणि घरची बॅटरी

(भिलाई येथील स्मृति नगरात रेल्वे व डाक कर्मचाऱ्यांच्या मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही बोनस, पेन्शन किंवा रिकाम्या जागा यांवर बोलणार नाही. ते प्रश्न सुटले असा याचा अर्थ नाही. त्यांच्यासाठी गेट मीटिंग आहे. आज आम्ही मोटारीच्या बॅटरीवर बोलणार आहोत. मागच्या रांगेतली काही मंडळी हसताना दिसतात. हसा, पण उठून जाऊ नका.

या स्मृति नगरातल्या कोणत्याही गल्लीतून एक चक्कर मारा. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा आपल्या माणसाच्या दारात सायकल असे, फार तर स्कूटर. आज फंडाच्या पैशातून घेतलेली, बहुधा सेकंड हँड, छोटी मोटार उभी असते. आठवड्यातून एकदा बाजारात किंवा देवळात जाते आणि उरलेले दिवस उन्हात तापते. जिन्याखाली इन्व्हर्टर असतो. कोणाच्या मुलाने ई-रिक्षा घेतली आहे, ती रात्रभर ओट्यावर चार्जिंगला लागलेली असते. पूर्वी जी वस्तू फक्त डेपोच्या बॅटरी रूममध्ये होती, ती आता आपल्या घरात आली. तिच्याबरोबर बॅटरी रूमचे नियम मात्र आले नाहीत.

आम्ही १९९१ साली ट्रेन लायटिंगमध्ये खलाशी म्हणून लागलो. तेव्हा बिलासपूर झोन नव्हता, तो २००३ साली झाला. आम्ही साऊथ ईस्टर्नचे कर्मचारी होतो. डब्यातले दिवे-पंखे ११० व्होल्टवर चालतात. चाकाच्या ॲक्सलवरून पट्ट्याने अल्टरनेटर फिरतो, तो गाडी चालू असताना डब्याखालच्या पेटीतली बॅटरी भरतो, आणि गाडी स्टेशनात उभी राहिली की बॅटरी दिवे चालवते. अशा एसी डब्याखाली दोन-दोन व्होल्टचे ५६ सेल असतात, क्षमता ११०० अँपिअर-अवर. सीलबंद सेल येण्यापूर्वी एकेका सेलचे बूच उघडून पाणी घालावे लागे. ॲसिडचा शिंतोडा वर्दीवर पडला तर त्या वेळी काही दिसत नसे. घरी धुतल्यावर त्या जागी भोक पडलेले असे. आमच्या आईला वाटे, पोरगा बिड्या ओढतो.

गॉगल, रबरी हातमोजे, एप्रन, गमबूट यांची मागणी आम्ही अनेकदा लेखी दिली. आमच्या वेळच्या एका डेपोत गॉगल होते, पण कपाटात कुलूपबंद. इन्स्पेक्शनच्या दिवशी ते बाहेर येत आणि संध्याकाळी मोजून परत आत जात. त्यासाठी भांडलो, मिळवले. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये डोळ्यांच्या रक्षणासाठी ३५ वे कलम स्वतंत्र लिहिले गेले, ते आम्ही साहेबांपुढे वाचून दाखवत असू. एवढे सगळे आम्ही केले. आता घरी काय केले ते सांगतो.

२०१६ सालची गोष्ट. पोस्टातून रिटायर झालेले आमचे एक स्नेही आहेत. ते आज या सभेत बसले आहेत. ‘नाव घेऊ नका भाऊ, बाकी सगळे सांगा’ असे त्यांनीच सांगितले. मे महिन्यात ते भंडाऱ्याकडे लग्नाला गेले. महिनाभर मोटार उभी. परत आले, किल्ली फिरवली, सेल्फ नुसता टक टक करतो. आमच्याकडे आले, म्हणाले, ‘भाऊ, गाडी उठत नाही, तुमचा चार्जर द्या.’ आम्ही दिला. देताना एवढेच म्हणालो, ‘लाल ते लाल, काळे ते काळे.’ पंचवीस वर्षे बॅटरीत घालवलेल्या माणसाने दिलेली ही शिकवण.

त्यांनी बॅटरी गाडीतून काढून घरामागच्या सामानाच्या खोलीत ठेवली. पावसाची चिन्हे होती, म्हणून दार-खिडकी बंद. रात्रभर चार्जिंग. सकाळी गेले, वाकून पाहिले आणि चार्जर चालू असतानाच लाल चिमटा ओढला. ठिणगी पडली. बॅटरीचे वरचे झाकण फुटून उडाले आणि ॲसिड चेहऱ्यावर आले.

आम्हाला हाक आली, धावत गेलो. वहिनींनी त्यांना अंगणात बसवून बागेच्या पाण्याची पाइप तोंडावर धरली होती. आम्ही म्हणालो, ‘चला, आधी दवाखान्यात.’ वहिनी म्हणाल्या, ‘थांबा जी, आधी पाणी.’ आम्ही दोनदा सांगितले, त्या हलल्या नाहीत. डोळे बोटांनी उघडे धरून पाणी सोडत राहिल्या. पंधरा-वीस मिनिटांनी निघालो. उजवा डोळा गेला. डावा वाचला तो त्या पाण्याने, असे डॉक्टरांनी सांगितले. सेफ्टी कमिटीवर आम्ही होतो, वहिनी नव्हत्या.

साथींनो, चार्जर आमचा होता. म्हणून आज हे भाषण.

आता त्या खोलीत काय झाले ते समजून घ्या. बॅटरीत शिशाच्या प्लेटा आणि पाणी मिसळलेले गंधकाचे ॲसिड असते. १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने ही रचना काढली, मूळ तत्त्व आजही तेच आहे. चार्ज होत आले की आतले पाणी फुटते आणि हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. हायड्रोजनला वास नाही, रंग नाही. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीची वाट पाहतो. हलका असल्यामुळे वर जातो, म्हणून आमच्या बॅटरी रूममध्ये वरच्या बाजूला हवा जाण्याची सोय असे. बंद खोलीत तो जाईल कोठे? बॅटरीच्या बुचाजवळ तर चार्जिंग थांबल्यावरही काही वेळ गॅस असतो.

दुसरा गैरसमज व्होल्टचा. बारा व्होल्टचा झटका लागत नाही, म्हणून लोक बॅटरीला गरीब समजतात. पण सेल्फ मारताना हीच बॅटरी शंभराहून अधिक अँपिअर देते, आणि शॉर्ट झाली तर त्याच्या कितीतरी पट. बोटातली अंगठी पान्याबरोबर मध्ये सापडली तर क्षणात लाल होते. अंगठी, घड्याळाचा धातूचा पट्टा, मनगटातले कडे आधी काढून ठेवा.

बॅटरी सोडवण्याचा क्रम नीट ऐका, यातच बहुतेक जण चुकतात. गाडी बंद, दिवे बंद, किल्ली काढून स्वतःच्या खिशात. किल्ली आत ठेवू नका, काही गाड्यांत वीज गेली की दाराचे लॉक अडून बसते. दोन-चार मिनिटे थांबा. मग दहा नंबरचा पाना घेऊन आधी निगेटिव्ह, म्हणजे वजा चिन्हाची, काळी तार सोडवा आणि ती उसळून परत टेकणार नाही अशी बाजूला बांधा. त्यानंतर पॉझिटिव्ह. जोडताना उलटे: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी.

हे असे का? कारण आजच्या मोटारीत निगेटिव्ह तार बॉडीला जोडलेली असते, म्हणजे बॉनेटखालचे सगळे लोखंड निगेटिव्ह झाले. आधी पॉझिटिव्हचा नट सोडवायला गेलात आणि पान्याचे दुसरे टोक बॉडीला लागले की पाना हाच शॉर्ट सर्किट. निगेटिव्ह आधी काढली असेल तर तोच पाना बॉडीला लागूनही काही होत नाही, कारण वाटच तुटलेली आहे. फार जुन्या काही गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला असे, तेथे पॉझिटिव्ह आधी काढायची. तेव्हा मनात ठेवा की बॉडीची तार आधी निघते आणि शेवटी लागते. पान्याच्या दांड्याला डेपोत आम्ही टेप गुंडाळत असू, घरच्या पान्यालाही दोन रुपयांची टेप लागते.

चार्जिंग उघड्यावर करा. पोर्च चालेल, पाऊस नको, स्वयंपाकघर आणि देवघर मुळीच नको. जवळ विडी, उदबत्ती, वेल्डिंग काही नको. चार्जरचा स्विच बंद असताना चिमटे लावायचे, मग स्विच चालू करायचा. काढताना आधी भिंतीवरचा स्विच बंद, थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग चिमटे. आमच्या स्नेह्यांचा डोळा या एका उलटसुलट क्रमात गेला. चार्जरचे अँपिअर बॅटरीच्या क्षमतेच्या साधारण दहावा भाग ठेवा. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, म्हणजे पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला दहा-बारा तास. घाईने जास्त सोडले तर बॅटरी तापते. हाताला गरम लागली, फुगली, किंवा कुजक्या अंड्यासारखा वास आला तर भिंतीवरचा स्विच बंद करून दूर व्हा, चिमट्याला हात लावू नका. फुटलेली किंवा फुगलेली बॅटरी चार्जच करायची नाही.

देखभाल म्हणाल तर फार नाही, पण आपल्याकडचे ऊन लक्षात घ्या. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा पाणी लवकर उडते. बुचाची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पातळी पाहा, गॉगल लावून आणि टॉर्चच्या उजेडात, काडी पेटवून नव्हे. प्लेटा उघड्या पडू देऊ नका. पाणी फक्त डिस्टिल्ड. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खातात. वरून ॲसिड तर कधीच घालू नका, उडते ते पाणी, ॲसिड आतच राहते. चार्जिंगपूर्वी काठोकाठ भरली तर फुगून बाहेर येते, म्हणून प्लेटा बुडतील एवढेच आधी आणि खुणेपर्यंत नंतर. सीलबंद बॅटरी उघडायची नाही.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते, ती तारा काढून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून घासा. बुचे घट्ट असू द्या, सोडा आत जाता कामा नये. पुसून कोरडे करा, तारा जोडल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर निगेटिव्ह तार काढून ठेवा. घड्याळ, लॉक, अलार्म ही मंडळी गाडी बंद असतानाही थोडे थोडे खात असतात. मात्र नव्या गाडीत तार काढल्यावर रेडिओचा कोड, खिडक्यांची सेटिंग पुन्हा करावी लागते, गाडीबरोबर आलेले पुस्तक पाहा. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवरचा थर कडक होतो आणि मग कितीही चार्ज करा, ती धरत नाही. मीटर असेल तर काही तास उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२ म्हणजे जवळपास उतरलेली.

शेजाऱ्याच्या गाडीवरून केबल लावून स्टार्ट करणारे बरेच आहात. लाल तार आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचे शेवटचे टोक बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच, ती बॅटरीच्या तोंडावर पडू नये म्हणून. काढताना उलट्या क्रमाने.

ॲसिड अंगावर आले तर कपडे काढा आणि भरपूर पाणी. डोळ्यात गेले तर पंधरा-वीस मिनिटे सतत वाहते पाणी, मग डोळ्यांचा दवाखाना. डोळ्यात सोडा, दूध, तूप काही घालायचे नाही. बॅटरीला हात लावण्यापूर्वी पाण्याची भरलेली बादली जवळ ठेवा, आमच्या बॅटरी रूममध्ये ती कायम असे.

पोस्टातल्या साथींसाठी थोडे. तुमच्या ऑफिसात यूपीएसची बॅटरी टेबलाखाली पार्सलांच्या गठ्ठ्यात दडपलेली आम्ही पाहिली आहे. तिला हवा हवी. आणि ती बदलायचे काम पॅकरने किंवा पोस्टमनने पानापक्कड घेऊन करायचे नाही, लेखी कळवा आणि पोच घ्या. ई-रिक्षावाल्या मुलांना सांगा, तुमची गाडी शिशाच्या बॅटरीची असेल तर आतापर्यंतचे सगळे लागू आहे, पण लिथियमची असेल तर तिला तिचाच चार्जर, आणि ती घरी उघडायची नाही.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, नवी घेताना दुकानात परत द्या. त्यासाठी २००१ साली नियम झाले, २०२२ साली त्यांच्या जागी नवे आले. भंगारात ती फोडताना जे शिसे उडते ते तेथल्या पोरांच्या अंगात जाते, तीही कामगाराचीच पोरे आहेत.

आमच्या शाखेने सहा गॉगल आणि तीन जोड रबरी हातमोजे विकत घेतले आहेत. चार्जर आजही आमच्याकडेच आहे. ज्याला हवा त्याने न्यावा, पण यापुढे चार्जर, गॉगल आणि हातमोजे एकाच पिशवीत मिळतील, आणि पहिल्या वेळी आम्ही किंवा आमचा माणूस सोबत येईल. ते आमच्या स्नेह्यांनीच सुचवले आहे, वही तेच ठेवणार आहेत.

चहा होईपर्यंत बाहेर अंगणात या. एक मोटार बॉनेट उघडून ठेवली आहे. निगेटिव्ह आधी कशी काढायची ते प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करून पाहायचे आहे. भगिनींनी पुढे उभे राहावे. अंगठ्या आणि बांगड्या काढून येथे टेबलावर ठेवा, वहिनी सांभाळतील.