गोधडीचा वर्ग कोणाच्या मालकीचा?



राजकीय कार्यकर्त्यांच्या सभेत गोधडी हा विषय यावा याचे काहींना नवल वाटेल. पक्षांच्या ठरावांत कापूस येतो, सूतगिरणी येते, यंत्रमाग येतो. परंतु त्याच कापसाचे जीर्ण झालेले लुगडे आणि धोतर घेऊन जी बाई थंडी पडण्यापूर्वी अंगणात बसते, तिचे काम कोणत्याच ठरावात येत नाही. घरातले काम म्हणजे श्रम नव्हेत, असा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. गेल्या काही वर्षांत मात्र या कामाच्या बाबतीत एक निराळीच गोष्ट घडली आहे. गोधडीच नव्हे, तर गोधडी शिवण्याची विद्याही विकली जाऊ लागली आहे. हात बसलेल्या, जाणत्या स्त्रिया संगणकाच्या पडद्यावरून शेकडो मैलांवरच्या शिकाऊंना टाका शिकवतात आणि त्याची फी घेतली जाते. ती फी कोणाच्या हाती पडते आणि तो वर्ग मुळात कोणाच्या मालकीचा असतो, हा प्रश्न कामगारांच्या प्रश्नाहून वेगळा नाही.

ही प्रथा प्रथम फोफावली ती अमेरिकेत. तेथे गोधड्या शिवणाऱ्यांची मंडळे गावोगावी आहेत. अनुभवी शिक्षिकेने नमुन्यांनी भरलेल्या पेट्या घेऊन मंडळांकडे जायचे, संध्याकाळी व्याख्यान द्यायचे, दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष शिकवायचे आणि मानधन व प्रवासखर्च घेऊन पुढच्या गावी निघायचे, असा हा व्यवसाय होता. २०२० सालच्या मार्चमध्ये कोविडच्या साथीने तो एकाएकी थांबला. ठरलेले दौरे रद्द झाले, उत्पन्न बंद पडले. तेव्हा अनेकींनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दिव्याच्या दांड्याला फोन बांधला आणि ऑनलाइन वर्ग सुरू केले. साथ ओसरली तरी ते चालू राहिले. याचे कारण निव्वळ सोय नव्हे. आजारी माणसाच्या उशाशी बसून राहावे लागणारी, आडगावात राहणारी, प्रवासाचे पैसे नसणारी बाई पूर्वी अशा शिक्षिकेपर्यंत कधीच पोचू शकत नसे. ती पोचू लागली, हा लाभ खरा आहे आणि तो कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु या वर्गात शिकवणारीला करावे लागणारे श्रम बाहेरून दिसतात त्याहून पुष्कळ अधिक आहेत. हाताने गोधडी शिवताना एक हात वर असतो, दुसरा खाली. खालच्या हाताच्या बोटाला सुईचे टोक लागले न लागले, एवढ्या स्पर्शावर टाक्याची लांबी ठरते. हा स्पर्श कॅमेऱ्याला दिसत नाही. दोऱ्याचा ताण किती ठेवायचा, हेही दिसत नाही. दिसतो तो परिणाम. विद्यार्थिनी आपले कापड कॅमेऱ्यापुढे धरते, त्यावर चुण्या पडलेल्या असतात, आणि शिक्षिकेला त्या चुण्यांवरून ओळखावे लागते की दोरा ओढून घेतला जातो आहे. डावखुऱ्या मुलीसाठी सगळे उलटे करून दाखवावे लागते. जी गोष्ट चाळीस वर्षे हाताने केली, पण तोंडाने कधी सांगितली नाही, तिला शब्द शोधावे लागतात.

आपल्याकडे तर शब्दांची गरजच पडली नव्हती. जुने धोतर, चादर, फाटके सदरे यांचे थर जमिनीवर पसरायचे, कडांवर वरवंटा किंवा दगड ठेवायचे, वर धडसे लुगडे घालायचे, लांब कच्चे टाके घालून थर धरून ठेवायचे आणि मग कडेने धावदोरा घालत आत यायचे. सासू एका कडेला बसे, सून दुसऱ्या कडेला, पोर मधल्या एखाद्या बाजूला. पोरीचा टाका वाकडा गेला तर म्हातारी तो उसवून टाकी, काही न बोलता. शिकणारी आणि शिकवणारी एकाच कापडाला धरून असत. कोल्हापूरकडे जिला वाकळ म्हणतात तिची विद्या अशीच आली. पडद्यावरच्या वर्गात ते सामाईक कापड नाहीसे होते, आणि त्याची भरपाई शिक्षिकेला बोलण्याने, दाखवण्याने, पूर्वतयारीने करावी लागते. हे सर्व श्रम आहेत. ते मोजले गेले पाहिजेत.

आता मालकीकडे येऊ. ऑनलाइन वर्ग दोन प्रकारचे असतात. एकात शिक्षिका त्या वेळी प्रत्यक्ष हजर असते. दर वर्गाला नवे श्रम आणि दर वर्गाला नवे मानधन. दुसऱ्यात तिचे शिकवणे एकदाच चित्रित करून ठेवले जाते आणि ते पुढे हजार जणींना विकले जाते. मार्क्सने यंत्राला साठवलेले, मृत श्रम म्हटले. चित्रित वर्ग हे त्याचे अगदी ताजे उदाहरण होय. शिक्षिकेने पन्नास वर्षांत कमावलेले कसब चार दिवसांत त्या चित्रणात ओतले गेले, की पुढच्या विक्रीला तिच्या हजेरीची गरज उरत नाही. म्हणून करारातले एक वाक्य तिच्या साऱ्या आयुष्याचे मोल ठरवते: चित्रण तिच्या मालकीचे की कंपनीच्या? एकरकमी पैसे, की प्रत्येक विक्रीमागे वाटा?

क्राफ्ट्सी या कंपनीची कहाणी या संदर्भात बोलकी आहे. डेन्व्हर शहरातून चालणाऱ्या या कंपनीने २०११ पासून शिवण, विणकाम, गोधडीकाम यांचे चित्रित वर्ग विकण्यास आरंभ केला. शिक्षिका नामवंत, चित्रण उत्तम, आणि एकदा घेतलेला वर्ग कायमचा, अशी ग्राहकांची समजूत. २०१७ साली एनबीसी युनिव्हर्सल या बड्या माध्यमसमूहाने तिच्यात बहुसंख्य हिस्सा घेतला. पुढे नाव बदलून ब्लूप्रिंट झाले आणि सुटे वर्ग विकण्याऐवजी वर्गणीची पद्धत पुढे आणली गेली. २०२० च्या मे महिन्यात ब्लूप्रिंट बंद करण्याचे जाहीर झाले. घरोघर लोक अडकून पडलेले, अशा वर्गांना कधी नव्हे इतकी मागणी, आणि नेमके तेव्हाच मालकाने दुकान आवरायला घेतले! पैसे मोजलेले वर्ग पुढे दिसतील की नाही या विवंचनेत ग्राहक पडले. दुसऱ्या एका कंपनीने हा व्यवसाय विकत घेऊन जुन्या नावाने पुन्हा चालू केला, हे खरे. परंतु घेण्याचा, नाव बदलण्याचा, बंद करण्याचा आणि विकण्याचा, असे हे सगळे निर्णय ज्यांच्या हातांचे ते चित्रण होते त्यांच्या हाती नव्हते.

यावर कोणी म्हणेल की शिक्षिकांनी एकत्र येऊन आपली संस्था काढावी. त्याच देशात गोधडी शिवणाऱ्या स्त्रियांनी हे पूर्वी करून पाहिले आहे, आणि त्या अनुभवात आशेइतकाच इशाराही आहे. अलाबामा राज्यात, नदीच्या एका वळणात, जीज बेंड नावाचे काळ्या लोकांचे गाव आहे. तेथील पुष्कळांचे पेटवे हे आडनाव त्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून बाळगणाऱ्या मालकाचे. १९३२ साली एका मृत व्यापाऱ्याचे कर्ज वसूल करण्यासाठी या गावातील कित्येक कुटुंबांची अवजारे, जनावरे आणि धान्य उचलून नेले गेले. १९६२ साली, गावकरी मतदारनोंदणीच्या खटपटीला लागले असताना, तालुक्याच्या गावाला जोडणारी नाव बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. याच भागातील स्त्रियांनी १९६६ च्या मार्चमध्ये फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था स्थापन केली. मताचा हक्क मागितला म्हणून जमिनीवरून हुसकावलेल्या कुटुंबांचे हे सहकार्य होते. १९६९ पर्यंत संस्थेने २३ एकर जमीन घेतली, शिवणकेंद्र उभारले, त्याला मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव दिले आणि बेघर झालेल्या काही कुटुंबांना घरासाठी तुकडे विकले. शिवणकामातून जमीन उभी राहणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

मात्र बाजाराने आपली किंमत वसूल केली. न्यूयॉर्कच्या दुकानांना एकसारखा माल हवा होता. आईने शिकवले तसे, मनाला येईल तसे ठिगळ जोडणाऱ्या बायकांना ठरावीक नमुना, ठरावीक माप पाळावे लागले. १९७२ साली सिअर्स रोबक कंपनीचे कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्ऱ्यांचे काम मिळाले. पगार नियमित झाला. गंमत अशी की त्या अभ्ऱ्यांतून उरलेल्या कॉर्डरॉयच्या चिंध्या बायकांनी घरी नेल्या आणि त्यांतून ज्या गोधड्या शिवल्या त्यांतल्या काही पुढे संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या. २००२ साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथील प्रदर्शनांनी जीज बेंडचे नाव जगभर केले. २००६ साली टपाल तिकिटे निघाली. त्यानंतर वर्षभरातच तिघी गोधडीकार आपल्या वाट्यासाठी न्यायालयात गेल्या आणि २००८ मध्ये ते दावे तडजोडीने मिटले. सहकारी संस्था २०१२ साली बंद पडली. २०२१ पासून तेथील स्त्रियांनी इंटरनेटवर स्वतःच्या नावाने गोधड्या विकण्यास आरंभ केला. कीर्ती आली म्हणजे मालकी आली असे नाही, हे त्या गावाइतके क्वचितच कोणाला कळले असेल.

अमेरिका दूर वाटत असेल तर अहमदाबाद पाहावे. गिरण्यांतून निघणाऱ्या चिंध्या व्यापारी विकत घेत, मुसलमान वस्त्यांतील बायकांना घरी शिवायला देत आणि रजईच्या खोळींमागे नगावर चिमूटभर मजुरी टेकवत. १९७२ साली स्थापन झालेल्या ‘सेवा’ संघटनेने त्यांना एकत्र केले. मजुरी वाढवून मागताच व्यापाऱ्यांनी काम देणे थांबवले. तेव्हा ध्यानात आले की नुसत्या दराच्या मागणीने भागत नाही. चिंधी ज्याच्या हातात त्याच्याच हातात दोरी. मग गिरण्यांकडून थेट चिंधी मिळवण्याची खटपट झाली आणि त्यातून बायकांची सबीना ही सहकारी संस्था उभी राहिली. त्या वेळी चिंधीचे जे स्थान होते ते आज पडद्याचे आहे.

ही गोष्ट आपल्या सीमेलगत किती निकडीची आहे हे सिद्दी स्त्रियांच्या कवंदीवरून दिसते. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत राहणारे सिद्दी आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे वंशज. त्यांतले पुष्कळ गोव्याच्या वाटेने आले आणि त्यांच्या बोलीत कोकणी भरलेली आहे. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांची कवंदी एका कोपऱ्यापासून सुरू होते. तुकड्याची कड मुडपत, धावदोरा घालत शिवणारी कडेकडेने फिरत मध्याकडे येते. शेवटी चारी कोपऱ्यांत घडी घातलेल्या कापडाची फुले लागतात. फूल नसेल तर कवंदी नागडी, असे त्या म्हणतात. अमेरिकेत आज या पद्धतीचे वर्ग ऑनलाइन चालतात, आणि शिकवणाऱ्या बहुतेक जणी सिद्दी नाहीत. त्यांत सद्‌भावनेने शिकवणाऱ्या आहेत, सिद्दींचे ऋण मोकळेपणाने मान्य करणाऱ्याही आहेत. परंतु इंग्रजी, वीज, वेगवान इंटरनेट आणि परदेशातून पैसे घेण्याची सोय ज्यांच्याकडे आहे त्यांनाच वर्ग भरवता येतो. हल्याळच्या जंगलकाठच्या बाईकडे यांतले काय आहे?

येथे एक आक्षेप विचारात घ्यायला हवा, कारण तो समाजवाद्यांच्याच तोंडून येतो. आजीने नातीला फुकट दिलेली विद्या विकायची कशाला? ती सर्वांची आहे, तिला कुंपण घालू नये. आक्षेपातला पूर्वार्ध बरोबर आहे. धावदोऱ्यावर कोणाचाही हक्क सांगता येणार नाही आणि सांगूही नये. ठिगळाला ठिगळ जोडण्याची कल्पना अनेक देशांतल्या बायकांना सुचली. परंतु विद्या सर्वांची असली तरी ती शिकवण्याचे श्रम सर्वांचे नसतात. बीजगणित सर्वांचे आहे. म्हणून शाळामास्तराने पगार घेऊ नये असे कोणी म्हणत नाही. बाईच्या कामाची गोष्ट निघाली की मात्र लगेच प्रेम, परंपरा आणि त्याग आठवतात.

महाराष्ट्रात गोधड्या शिवून विकणारे बचत गट आता पुष्कळ आहेत. शहरातल्या दुकानांत त्यांच्या गोधड्या लागतात. त्यांच्यापुढे शिकवण्याचा हा नवा बाजार आज ना उद्या येणार, आणि तो घेऊन येणारा गृहस्थ बहुधा कॅमेरा आणि एक छापील करारपत्र घेऊन येईल. ते करारपत्र मराठीत असावे, हा पहिला आग्रह धरावा. चित्रणाची प्रत गटाकडे राहावी. विक्रीचा हिशेब दर तिमाहीला मिळावा आणि प्रत्येक विक्रीमागे वाटा असावा. कंपनी बंद पडली वा विकली गेली तर चित्रणाचे हक्क शिकवणारीकडे परत यावेत, हे कलम गाळू देऊ नये. प्रत्यक्ष वर्ग भरवायचा तर त्यासाठी फार भांडवल लागत नाही. एक बरा फोन, वरून उजेड, आणि पलीकडचे प्रश्न समजावून सांगणारी एखादी शिकलेली मुलगी. त्या मुलीलाही पैसे द्यावेत, तिलाही फुकट राबवू नये. मराठी बोलणाऱ्या, परंतु गोधडीपासून तुटलेल्या बायका पुण्या-मुंबईत आणि परदेशांत आहेत. त्यांना इंग्रजीची गरज नाही. अडचण येईल ती साधी येईल. घरातला फोन मुलाकडे असतो, बँकेचे पुस्तक नवऱ्याच्या कपाटात असते आणि वर्गाची वेळ नेमकी भाकऱ्यांच्या वेळेला ठरते. कार्यकर्त्यांनी बोलणे सुरू करायचे ते या तीन गोष्टींपासून, आणि तेही घरातल्या पुरुषांशी.