तेलकट गाळ खाणारे जंतू

गगनबावडा म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यांतील पावसाचें माहेरघर. वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस येथें कोसळतो. घाटमाथ्याच्या पूर्वेस पडलेलें पाणी कुंभीवाटे पंचगंगेस व पुढें कृष्णेस मिळतें. पश्चिमेचें पाणी कोंकणांत उतरतें. अशा माथ्यावर तेलाचें एक पिंप उपडें झालें, तर त्याचा तवंग दोन समुद्रांची वाट धरावयाचा!

या तालुक्यांत उंसाचा सहकारी कारखाना आहे, आणि खालीं कोल्हापुरास उद्यमनगर व शिरोली येथें यंत्रशाळांची दाटी आहे. चरक असो कीं लेथ, यंत्राला वंगण हवेंच. आणि धुण्याच्या पाण्याबरोबर त्यांतील कांहीं निसटतेंच. तें अडविण्यासाठीं हौद बांधतात. पाणी पुढें जातें, मागें राहतो काळा, चिकट गाळ. जाळला तर विषारी धूर, पुरला तर विहिरींना धोका. भारताच्या २०१६ च्या नियमांत तेलकट गाळ घातक कचऱ्यांतच गणला आहे.

येथें उपयोगीं पडतात ते सूक्ष्म जंतू. खनिज तेल म्हणजे मुख्यतः कार्बन व हायड्रोजन. कित्येक जंतूंना तेंच अन्न. दिल्लीच्या 'टेरी' या संस्थेनें अशा निवडक जंतूंचें मिश्रण सिद्ध करून त्यास 'ऑइलझॅपर' हें नांव दिलें. मक्याचे दाणे काढून उरलेल्या कणसाची भुकटी हें या जंतूंचें वाहन! टाकाऊ कणसाला याहून मानाचें काम क्वचितच मिळालें असेल. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराजवळ 'चित्रा' व 'खलिजिया' या जहाजांची टक्कर होऊन तेल किनाऱ्यावर आलें, तेव्हां सफाईसाठीं हेंच मिश्रण वापरण्यांत आलें होतें.

कृति शेतकऱ्यास परकी वाटणार नाहीं. खालीं न झिरपणारें अस्तर घालून गाळ मातींत पसरावयाचा, जंतू मिसळावयाचे, आणि नत्र व स्फुरद यांचें खत द्यावयाचें. कारण तेलांत कार्बन उदंड, पण हीं दोन द्रव्यें जवळजवळ नाहींतच. मग ओल राखून वरचेवर नांगरावयाचें, म्हणजे हवा खेळते. उंसाचा चोथा मिसळल्यास माती भुसभुशीत राहते. जंतू आधीं सरळ सांखळीचे साधे घटक फस्त करतात, वलयाकार घटकांना अधिक वेळ लागतो, आणि डांबरासारखा भाग बहुधा शेवटपर्यंत चिवटपणें उरतो. काम महिनोन् महिने चालतें. उतावळ्या मालकांना हें मानवत नाहीं, आणि अर्धवट सोडलेला गाळ तितकाच घातक राहतो.

गगनबावड्यासारख्या ठिकाणीं खरी अडचण पावसाचीच. जंतूंना ओल हवी, पूर नको. मातीचीं छिद्रें पाण्यानें भरलीं कीं हवा कोंडते व काम मंदावतें. शिवाय तेल वाहून जाण्याचें भय. तेव्हां येथें हा उद्योग पावसाळा सरल्यावर उघड्यावर, नाहीं तर पक्क्या छपराखालींच करावा लागेल.

एक गोष्ट मात्र जंतूंच्या आंवाक्याबाहेरची आहे. शिसें, क्रोमियम यांसारखे धातू ते नाहींसे करूं शकत नाहींत. तेल गेल्यावर उरलेली माती तपासून धातूंचें प्रमाण अधिक आढळलें, तर ती शेतांत टाकतां येत नाहीं. तिची रवानगी घातक कचऱ्याच्या जागींच करावी लागते.