ईर्षेची जोड

(वसंत व्याख्यानमालेत सांगली येथे दिलेले व्याख्यान)



मी मूळचा साताऱ्याचा आणि माझी सासुरवाडी सांगलीची. त्यामुळं ‘कंदी पेढा भारी की भडंग’ हा सामना आमच्या घरात तीस वर्षं चालू आहे. अजून निकाल लागलेला नाही. लागूही नये, कारण ज्या दिवशी तो लागेल त्या दिवशी दोघांपैकी एक पुडा घरात यायचा बंद होईल.

आजचा विषय फुटबॉल म्हटल्यावर संयोजकांच्या कपाळावर आठी पडली होती. “सर, आपला मुलूख कुस्तीचा, कबड्डीचा. फुटबॉल कशाला?” मी म्हटलं, बोलणार कुस्तीवरच आहे, फक्त कोल्हापूरला जाऊन येतो. इथून पन्नासएक किलोमीटर. सकाळी जाऊन रात्री जेवायला परत.

कोल्हापुरात फुटबॉल संघांची नावं वाचा. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, जुना बुधवार पेठ तालीम, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. सोबत शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ, फुलेवाडी. जगात क्लबांना शहरांची, कारखान्यांची, रेल्वेची नावं असतात. तालमीच्या नावानं फुटबॉल खेळणारं गाव माझ्या तरी पाहण्यात दुसरं नाही. पोरगं पेठेत जन्मलं की त्याची तालीम ठरली. पुढं ते शिकून पुण्याला गेलं, नोकरीला लागलं, तरी हंगाम सुरू झाला की फोन करून विचारणार, “आपला सामना कधी?” ‘आपला’ या शब्दाला तिथं पत्ता असतो.

छत्रपती शाहू स्टेडियमवर दोन मोठ्या तालमींची गाठ पडायची असली की दुपारपासून पेठा रिकाम्या व्हायला लागतात. दुकानदार शटर अर्धं ओढतो. पोरं एका मोटारसायकलवर तिघं बसून निघतात. एका बाजूच्या गॅलरीत एक पेठ, समोर दुसरी. मैदानात बावीस पोरं खेळतात आणि बाहेर हजारो माणसं न खेळता घामाघूम होतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक शब्द हमखास असतो : ‘ईर्षेचा सामना’. ‘टोकाची ईर्षा’.

हा शब्द धरून ठेवा. पुस्तकात ईर्षा म्हणजे मत्सर, अवगुण. आपल्याकडं बोलताना मात्र तसं नाही. “पोरगं ईर्षेनं अभ्यासाला लागलं” असं आई कौतुकानं सांगते. शेजाऱ्यानं एकरी साठ टन ऊस काढला म्हणून आपण सत्तर काढायचा, ती ईर्षा. शेजाऱ्याच्या उसाला काडी लावायची, ती मात्र ईर्षा नव्हे. तिला आपल्याकडं वेगळा शब्द आहे : खुन्नस. ईर्षेला समोरचा लागतो, त्याच्याशिवाय तिची मजा नाही. खुन्नशीला समोरचा नकोच असतो. सामना संपल्यावर यातलं काय उरतं, एवढंच मला आज तपासायचं आहे.

सामना संपला. जिंकलेल्या पेठेत गुलाल, हलगी, फटाके. ते सांगायला नको. मला हरलेल्या पेठेत जास्त रस आहे. तिथल्या कट्ट्यावर रात्री जाऊन बसा. तीन वाक्यं कानावर येतात, आणि बहुतेक वेळा याच क्रमानं.

पहिलं : “पंचानं घालवली.”

दुसरं, अर्ध्या तासानं, जरा खालच्या आवाजात : “आपला गोलकीपर बी झोपला होता म्हणा.”

तिसरं, चहाचे पैसे देताना : “बघू पुढच्या सामन्याला.”

या तीन वाक्यांत हार पचण्याची सगळी क्रिया आहे. पहिल्यात दोष तिऱ्हाइतावर, दुसऱ्यात स्वतःवर, आणि तिसऱ्यात हार संपून पुढचा सामना सुरू. जो कट्टा रात्रीतून तिसऱ्या वाक्यापर्यंत पोचतो, तिथं ईर्षा शाबूत असते. जो पहिल्याच वाक्यावर अडून बसतो, तिथं खुन्नस जन्माला येते. मग सामना स्टेडियमच्या दारात, चौकात, आणि आताशा मोबाइलच्या स्टेटसवर पुन्हा खेळला जातो. कोल्हापूरनं हेही पाहिलंय : हुल्लडबाजी, दगड, पोलिसांचा बंदोबस्त, थांबवलेले सामने. त्यात नुकसान कुणाचं होतं? दगड मारणाऱ्याचं काही जात नाही. हंगाम बुडाला की नुकसान होतं ते वर्षभर पहाटे उठून पळणाऱ्या पोराचं. याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. असा पुढचा अनिकेत कुठल्यातरी पेठेत आज बूट बांधत असेल. त्याला मैदान हवं.

आता कुस्तीकडं येतो. फुटबॉलच्या गॅलरीत बसलेला माणूस तालमीतून आलाय, आणि तालमीत हार पचवायची एक जुनी रीत होती.

यात्रेतला फड डोळ्यांसमोर आणा. सकाळी रेवड्यांवर आणि नारळावर लहान पोरांच्या कुस्त्या, ऊन कलल्यावर मोठ्या जोडी. हलगी कडकडते, दोघं माती घेतात, एकमेकांच्या अंगाला लावतात, मग सलामी. ज्याला तुम्ही दहा मिनिटांत आपटणार आहात, त्याच्या अंगाला आधी आपल्या हातानं माती लावायची. कारण साधं आहे, घामानं पकड निसटू नये म्हणून. पण निसटती पकड म्हणजे जशी तुमची सोय, तशी त्याचीही. दोघांनी मिळून ती सोय सोडून द्यायची आणि मगच भिडायचं.

निकाल काय? एकाची पाठ मातीला लागली की संपलं. चितपट. पाच हजार माणसांनी एकाच वेळी पाहिलेली गोष्ट. हरलेला उठतो तेव्हा पाठीवर लाल माती असते. त्याला वकील लावता येत नाही. म्हणून जुन्या शौकिनांना ‘निकाली’ कुस्तीचं वेड. आणि पाठ लागलीच नाही, अंधार पडायला आला, तर जाणती माणसं आत उतरून कुस्ती बरोबरीत सोडवायची. बरोबरी हा अपमान नव्हता. दोघांच्याही फेट्याला तुरा.

पुढं कुस्ती गुणांवर आली. तिची गरज होती, जगात खेळायचं तर जगाचे नियम हवेत. पण गुण आले तसा निकाल मातीतून उठून पंचाच्या हातात गेला. २०२२ च्या एप्रिलमध्ये साताऱ्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलनं विशाल बनकरला ५-४ असं हरवलं. एका गुणाचा फरक! पुढच्याच जानेवारीत पुण्यात माती विभागाच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडला सिकंदर शेखविरुद्ध बाहेरच्या टांगेचे चार गुण मिळाले, आणि साऱ्या महाराष्ट्रात माणसं मोबाइलवर तेवढाच तुकडा पुढं-मागं करून बघत बसली. पाठ टेकली का, डाव पुरा झाला का, गुण दोन की चार? पंचांना धमकी देण्यापर्यंत गोष्ट गेली. लढणारे दोघं पैलवान पुढच्या तयारीला लागले; भांडत राहिले ते कधीही लांग न कसलेले लोक.

फुटबॉलचं दुखणं हेच आहे. गोल दिसतो, पण ऑफसाइड दिसत नाही. पेनल्टी दिली की एका गॅलरीला ती उघड दिसते आणि समोरच्या गॅलरीला ती उघड खोटी दिसते. ज्या खेळात निकाल एका माणसाच्या शिट्टीत असतो, त्या खेळाच्या प्रेक्षकाला हार पचवायला जास्त तालीम लागते. आपण मात्र तालीम खेळाडूलाच देतो. बघणाऱ्याला वस्ताद कोण?

आपल्या भागातलंच उदाहरण देतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकलं. तिथं जपानच्या इशीईशी लांबलेली लढत झाली आणि लगेच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं राहायला सांगितलं. दोन लढतींमध्ये विश्रांती मिळायला हवी, हे तिथं ठणकावून सांगायला आपला अधिकारी जवळ नव्हता. गाऱ्हाणं करायचं तर याहून खरं गाऱ्हाणं कुठलं? पण कांस्यपदक घेऊन आल्यावर कराडच्या लोकांनी शंभरावर बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक काढली. पदकावर वर्षानुवर्षं ‘आमचं सुवर्ण चोरलं’ अशी पाटी लावून कुणी बसलं नाही. ती मिरवणूक म्हणजे बघणाऱ्यांची तालीम.

जरा लांब जाऊ. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. ईस्ट बंगाल जिंकलं की त्यांच्या घरात इलिश मासा शिजायचा, मोहन बागान जिंकलं की कोळंबी. आपल्याकडं तांबडा-पांढरा वाटून घ्यावा तसं. १९९७ च्या जुलैत फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाहून जास्त माणसं होती. एवढी गोड ईर्षा. पण याच दोन संघांच्या सामन्यात १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर गॅलरीत मारामारी झाली, चेंगराचेंगरी झाली, आणि सोळा जण घरी परतले नाहीत. तिथं तो दिवस दरवर्षी फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळतात, रक्तदान करतात. मारामारीत सांडलेल्या रक्ताची आठवण रक्त देऊन ठेवायची, हे मला फार मोठं वाटतं.

आणखी एक. १ ऑक्टोबर २०२२. इंडोनेशियातल्या मलंग गावी अरेमा संघ घरच्या मैदानावर पर्सेबायाकडून ३-२ नं हरला. समर्थक मैदानात घुसले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, दरवाजांशी गर्दी कोंडली आणि १३५ माणसं गेली. भांडण होईल म्हणून पर्सेबायाच्या समर्थकांना त्या दिवशी प्रवेशच नव्हता. वैरी आवारात नव्हता, तरी एवढी माणसं मेली. खुन्नशीला समोरचा लागत नाही म्हणालो, ते यासाठी. आणि अशा वेळी बंदोबस्ताची घाई आणि अरुंद दरवाजा दगडाहून घातक ठरतात, हे आपल्याकडच्या संयोजकांनीही लक्षात ठेवावं.

पण कोलकात्याचीच दुसरी गोष्ट सांगतो. १८ ऑगस्ट २०२४ रोजी ड्युरँड कपमध्ये याच दोघांचा सामना होता. आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरच्या खुनानं शहर पेटलं होतं. बंदोबस्ताचं कारण सांगून सामना रद्द झाला. तरी दोन्ही संघांचे समर्थक आपापल्या रंगाचे शर्ट घालून स्टेडियमबाहेर जमले. मोहमेडन स्पोर्टिंगचेही आले. शंभर वर्षं एकमेकांना चिडवणारी माणसं खांद्यावर एकमेकांना घेऊन न्याय मागत होती, पोलिसांच्या लाठ्या खात होती. सामना नव्हता, निकाल नव्हता, तरी गॅलरी भरली. ईर्षा खरी असेल तर तिच्या तळाशी ओळख असते. ज्याला इतकी वर्षं हरवायचं म्हटलं, तो आपल्याला घरच्यासारखा माहीत असतो.

आपल्या बोलीनं हे केव्हाच ओळखलंय. कुस्तीत समोरच्याला आपण प्रतिस्पर्धी म्हणत नाही, शत्रू तर नाहीच. आपण विचारतो, “तुझी जोड कोण?” बैलांची जोड, नवराबायकोची जोडी आणि फडावरची जोड, शब्द एकच. ‘जोड नाही’ म्हणून कितीतरी पैलवान यात्रेतून न लढता, हिरमुसले होऊन परत जातात. याच सांगली जिल्ह्यातले पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठे पिरानचे मारुती माने, दोघंही हिंदकेसरी, दोघांनीही १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं. एका जिल्ह्यात एका वेळी दोन डोंगर उभे राहतात, ते एकमेकांकडं बघतच उंच होतात.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना एवढीच विनंती. खेळाडूंना वस्ताद आहे, तसा गॅलरीला एक जाणता माणूस द्या, ज्याचं पोरं ऐकतात. पहिल्या वाक्यापासून तिसऱ्या वाक्यापर्यंत पोरांना हाताला धरून नेणं, एवढंच त्याचं काम.

संपवताना घरातली गोष्ट सांगतो. माझे थोरले चुलते गावच्या यात्रेत शेजारगावच्या एका पोराकडून चीत झाले. पाठीवरची माती तशीच ठेवून घरी आले, जेवले नाहीत. आठवड्यानं मृग निघाला. सकाळी दारात तोच पोरगा उभा. त्यांच्या पाभरीचं फण मोडलं होतं, आमची पाभर मागायला आला होता. चुलते काही न बोलता गोठ्याकडं गेले. चुलतीनं आतून विचारलं, “कोण आलंय?”

चुलते म्हणाले, “माझी जोड आलीया. च्या टाक.”

पुढच्या यात्रेत त्यांनी त्याला चीत केलं, असं सांगितलं तर तुम्ही टाळ्या वाजवाल. पण ते नंतर कधीच जिंकले नाहीत. पाभर मात्र दर मृगाला त्या घरी जात राहिली.