शीड आखडायची वेळ

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



खोल समुद्रात शिडाची नाव न्यायचा विषय निघाला, की "बाईच्या अंगात तेवढी ताकद कुठे असते?" हा प्रश्न हमखास येतो. १० सप्टेंबर २०१७ ला 'तारिणी' गोव्याहून निघाली, तेव्हा तिच्यावर नौदलातल्या सहा अधिकारी होत्या, सगळ्या बायका. वर्तिका जोशी कप्तान. सुमारे १७ मीटर लांबीची ही नाव बांधलेलीही गोव्यातच. पॅसिफिकमधली वादळं सोसून, केप हॉर्नला वळसा घालून, पृथ्वीप्रदक्षिणा करून त्या २१ मे २०१८ ला परतल्या. तेव्हा ताकदीचा हिशेब एकदा नीट मांडू या.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की शिडावरचा जोर चौपट होतो. त्याच्याशी झोंबून कुणीच जिंकत नाही, पुरुषही नाही. म्हणून वारा चढतोय अशी नुसती शंका आली तरी शीड आखडून घ्यायचं, म्हणजे त्याचा खालचा भाग उतरवून बांधून टाकायचा. वेळेवर केलं तर दोघींचं काम; उशीर केला तर जिवावर बेततं. दोर ओढायला रहाटासारखे विंच असतात. अंगावरचा पट्टा नावेला अडकवल्याशिवाय डेकवर पाऊल टाकायचं नाही. पाळ्या लावून झोपायचं, कारण थकलेल्या माणसाचा अंदाज चुकतो.

वारा आणखी वाढला तर? पुढचं छोटं शीड मुद्दाम उलट्या बाजूला ताणायचं आणि सुकाणू नावेचं तोंड वाऱ्याकडे वळेल असं बांधून ठेवायचं. दोन्ही जोर एकमेकांना अडवतात, नाव जवळजवळ थांबते, आतल्यांना उसंत मिळते. नाहीतर वारा पाठीशी घेऊन पळायचं. पण वेग आवरायला मागे लांब दोर सोडायचे, नाहीतर नाव लाटेवर आडवी होते. आणि किनारा गाठायची घाई करायची नाही. वारा किनाऱ्याकडे ढकलत असेल, तर खडकांपेक्षा खोल पाणी बरं.

यातलं दंडाचं काम किती? बरंचसं अंदाजाचं, सरावाचं आणि वेळीच निर्णय घेण्याचं. निर्णय घ्यायला मात्र अधिकार लागतो. नौदलात बायका अधिकारी म्हणून १९९२ पासून आल्या. कायम नेमणुकीसाठी त्यांचा पुरुषांच्या बरोबरीने विचार व्हावा, हे सर्वोच्च न्यायालयाला मार्च २०२० मध्ये सांगावं लागलं. पुढे ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ मध्ये त्याच 'तारिणी'वरून दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच प्रदक्षिणा पुरी केली.

पुन्हा कुणी ताकदीचं विचारलं, तर आपण उलट विचारू या: शिकायची संधी कुणाला दिलीत, आणि सुकाणू कुणाच्या हाती?