ठाण्यातला कागद

(गंगापूर रोड, नाशिक येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



कपाशी-ज्वारीवाली मंडळी आज द्राक्षाच्या मुलखात जमली आहेत, म्हणून सुरुवात द्राक्षापासून करतो. माल उचलून पैसे बुडवणारे व्यापारी इथे नवे नाहीत. 2020 साली नाशिक परिक्षेत्राचे तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी अशांविरुद्ध मोहीम घेतली. गुन्हे नोंदले गेले, शेतकऱ्यांचे कोट्यवधी रुपये परत आले. त्यासाठी कायदा बदलला होता का? नाही. फसवणूक आधीही गुन्हाच होता. बदलला तो वरचा हुकूम. म्हणजे अधिकारी चांगला लाभला तर न्याय, त्याची बदली झाली की देवावर हवाला. ही तर कोरडवाहू शेतीच झाली. आपल्याला हवी आहे हक्काची पाळी.

शेतातली मोटार जाते, केबल जाते. ठाण्यात नुसता 'अर्ज' ठेवून घेतात आणि माणूस हात हलवत परत येतो. कपाशीवर अळी किती, हे बोंडे मोजल्यावरच कळते. मोजलीच नाहीत तर कागदावर अळी शून्य. इथेही तेच. गुन्हा नोंदला नाही, की तालुक्यात चोरीच नाही आणि मंत्रालयात सारे आबादीआबाद. मग सरकार देखरेख ठेवणार तरी कशावर?

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात 2013 साली बजावले. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 173 प्रमाणे हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. काही गुन्ह्यांत आधी चौकशी करता येते, पण ती 14 दिवसांत संपवावी लागते. ठाण्याने नकार दिला तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. एक मेख मात्र ध्यानात ठेवा. 5,000 रुपयांखालची चोरी आता अदखलपात्र आहे. म्हणून मोटारीचे, केबलचे बिल जपा आणि तक्रारीत किंमत लिहा.

पोलिसांवर नजर कोणी ठेवायची? प्रकाश सिंह खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितले. महाराष्ट्राने 2014 साली तसा कायदा केला. राज्य प्राधिकरणाचे प्रमुख उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात. बेकायदा अटक, लाच, खंडणी, जमीन बळकावणे अशा तक्रारी पोलिसांविरुद्ध तिथे नेता येतात. पण दार ठोठावल्याशिवाय आतला माणूस उठत नाही.

तेव्हा काम एकच. प्रत्येक गावात एक वही घाला. तक्रार कोणत्या तारखेला दिली, पोच मिळाली का, गुन्हा नोंदला का, तपास कुठवर आला हे 90 दिवसांत कळवले का, एवढेच लिहा. पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या. त्यांची बेरीज करू आणि ती अधीक्षकांच्या टेबलावर ठेवू. त्यांच्या आकड्याशेजारी आपला आकडा ठेवला, की जाब विचारायला वेगळे भाषण लागणार नाही.